कडीचा स्क्रू

बुधवारी सकाळी सात वाजता ओदील मेलांच्या हातात साखळी राहिली, साखळीला कडी राहिली आणि घड्याळ तेवढं खाली गेलं. स्वयंपाकघरात दगडी फरशी होती. आवाज फारसा झाला नाही, कपबशी आपटल्याइतकाही नाही. ओदीलने ते उचलून कानाला लावलं. आत सगळं चिडीचूप.

तिने मागचं झाकण उघडून ते हळूच डावीउजवीकडे कलतं केलं. आतलं झुलतं चक्र दारुड्यासारखं एका बाजूला कलंडलं. मग भिंग लावायचीही गरज उरली नाही. चक्राच्या आसाचं टोक तुटलं होतं. पापणीच्या केसापेक्षा बारीक असतं ते टोक, आणि अख्खं घड्याळ त्यावर उभं असतं. ओदील तिथेच फरशीवर बसली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती उठली नाही.

सोमवारी तिला जायचं होतं. जिनिव्हाच्या एका कारखान्यात स्प्रिंगा जुळवायची जागा मिळाली होती, एका विधवा बाईच्या घरी खोलीही ठरली होती. ओदील अडतीस वर्षांची होती आणि आजवर बापाच्या घराबाहेर सलग चार रात्री झोपली नव्हती. बाप, सामुएल मेलां, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लोझानच्या इस्पितळात होता. शनिवारी तो परत यायचा होता. जाताना त्याने दारात उभं राहून सांगितलं होतं, "सोमवारी तू जाणारच आहेस. मी अडवत नाही. तोवर रोज सात वाजता घड्याळाला तेवढी चावी दे. एवढं जमेल ना?"

एवढंसुद्धा जमलं नव्हतं. ते घड्याळ बापाच्या बापाचं, १८८२ सालचं. ते बापाच्या बाकाशेजारी खुंटीवर टांगलेलं असायचं आणि घर त्याच्या तालावर चालायचं. पाव किती वाजता, सूप किती वाजता, चर्चहून परतायला किती मिनिटं, सगळं. ओदील दुकानात गेली की बाप ते हातात धरून बसायचा. ती आली की म्हणायचा, "एकवीस मिनिटं. सतरांत होतं ते काम." बाईमाणूस दुकानात चार शब्द बोलणार की नाही? पण हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

बापाने ओरडावं, मारावं याची तिला भीती नव्हती. तो ओरडायचा नाहीच. तो फक्त बंद घड्याळ तळहातावर घेऊन बसला असता, डोळ्यांना पट्टी, आणि म्हणाला असता, "असू दे. जा तू." त्यानंतर तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे सोमवार गाठायचा तर शनिवारच्या आत घड्याळ चालू व्हायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, घड्याळांच्या खोऱ्यात घड्याळ दुरुस्त करायला माणूस मिळत नाही होय? आमचं खोरं घड्याळं बनवतं हे साऱ्या जगाला माहीत आहे. इथल्या एकाही माणसाला अख्खं घड्याळ बनवता येत नाही, हे फक्त आम्हाला माहीत आहे. एका घरात पिढ्यान्‌पिढ्या चाकांना दाते पाडतात, शेजारच्या घरात डायलवर आकडे रंगवतात, त्याच्या पलीकडे फक्त सुयांना निळा रंग चढवतात. मेलांच्या घरात केसासारखी स्प्रिंग जुळवायची. ती ओदील डोळे मिटून वाकवेल, पण टोक घडवायला सांगितलं तर तिच्यात आणि चर्चच्या पाद्रीबुवांत फरक नाही.

ती आधी कारखान्यात गेली. मुकादमाने झाकण उघडून पाहिलं आणि हसला. "अगं, हे माझ्या आजोबांच्या वयाचं! आम्ही जुना भाग काढून नवा टाकतो. याचा नवा भाग आणू कुठून? टोक नव्याने घडवणारा माणूस हवा तुला."

"असा माणूस आहे कोण?"

मुकादमाने घड्याळ फडक्यात गुंडाळून परत दिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. "ते तुला ठाऊक आहे," तो म्हणाला.

दाते पाडणाऱ्याने चाकं मागितली. "दाता तुटला असता तर दुपारपर्यंत दिलं असतं. टोक हे आपलं काम नाही बाई." डायलवाली म्हातारी उलट खूशच झाली. "डायलला ओरखडासुद्धा नाही गं! माझ्या सासूने रंगवलाय तो." मग तिने आवाज खाली आणला. "गोलेकडे जा. बाप इस्पितळात आहे तोवर जाऊन ये. मेलांची पोरगी गोलेच्या दारात दिसली तर लोक म्हणतील मे महिन्यात बर्फ पडणार. म्हणू देत."

एलोई गोले. हे नाव त्या घरात आठ वर्षं कुणी काढलं नव्हतं. सत्तेचाळीस साली बापाचं आणि गोलेचं काहीतरी बिनसलं. काय ते बापाने सांगितलं नाही आणि मुलांनी विचारलं नाही. बाप रस्त्यात त्याला पाहून पलीकडे जायचा, चर्चमध्ये तो पुढे बसला तर हा मागे. सकाळपासून तीन दारं पालथी घालून ओदील अखेर ज्या दारी जायचं नाही त्याच दारी निघाली. वर जंगलाच्या कडेला अजून घोट्याएवढं बर्फ होतं. फडक्यातलं घड्याळ तिने छातीशी धरलं होतं, दोन्ही हातांनी.

गोलेचं वय सत्तरीपुढचं. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा, बाकावर मांजर. त्याने फडकं उघडायच्या आधीच मान हलवली.

"ये. आठ वर्षं झाली. म्हटलं अजून कुणी कसं येत नाही." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठे निघालीस?"

ओदील दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

"कुणी नाही. मेलांचं घड्याळ माझ्याकडे आलं म्हणजे मेलांच्या घरातून कुणीतरी निघालंय. बस."

ती बसली. गोलेने मागचं झाकण उघडलं, भिंग तिच्या हातात दिलं आणि झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरली. "तुमच्याकडे घड्याळं उघडी येतात, झाकण तुम्ही बघत नाही. आम्ही दुरुस्तीवाले बघतो. जो हात लावतो तो आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो. मालकासाठी नाही, पुढच्या कारागिरासाठी. वाच."

चांदीवर सुईने कोरलेली मुंगीएवढी अक्षरं होती. तीन ओळी.

"पहिली माझ्या बापाची," गोले म्हणाला. "मार्च १९०९. चक्राचं टोक. दुसरी माझी, ऑक्टोबर १९२६. चक्राचं टोक. तिसरी माझी, मे ४७. तेच टोक. माझ्या बापाने मला सांगितलं होतं, १९०९ साली सामुएल एकोणीस वर्षांचा होता आणि बेझांसाँला शिकायला निघाला होता. तिकीट काढलं होतं. आदल्या दिवशी त्याच्या हातून बापाचं घड्याळ पडलं. मग तो गेला नाही."

ओदीलला हे माहीत नव्हतं. पण सव्वीसचा ऑक्टोबर तिला माहीत होता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. जिन्याच्या वळणावर आईची ट्रंक दोन दिवस उभी होती, हिरव्या पट्ट्यांची. आई मावशीकडे जाणार होती, किती दिवसांसाठी ते कुणी बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. त्यानंतर मरेपर्यंत आईने कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलला. 'माझ्या हातून वस्तू पडतात' असं ती स्वतःच म्हणायची, पाहुण्यांसमोरही, हसून. सत्तेचाळीसही ओदीलला आठवत होतं. धाकटा भाऊ लुसियाँ बिएनच्या कारखान्यात लागणार होता. त्याच्याही हातून घड्याळ पडलं. तो राहिला, गावातल्या लाकडाच्या वखारीत लागला. आणि आपली तिन्ही पोरं त्याने कधी उभ्याने कडेवर घेतली नाहीत. घ्यायची असली की आधी खुर्चीवर बसायचा.

"योगायोग असेल," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच पटला नाही.

"मीही तेच म्हटलं होतं. दोनदा." गोलेने घड्याळाची मान तिच्यासमोर धरली, जिथे कडी बसते तिथे. "कडीला आडवा स्क्रू असतो. सव्वीस साली घड्याळ आलं तेव्हा स्क्रू नव्हता. हरवला असेल, मी नवा घातला. सत्तेचाळीसला आलं, परत नाही. तेव्हा मात्र माझं डोकं चाललं. मी नवा घातला आणि वरून लाख लावून बंद केला. लाख लावलेला स्क्रू आपणहून पडत नाही, बाळ. आता बघ."

तिने भिंगातून पाहिलं. भोकाच्या काठाशी लाखेचे तुकडे होते, आणि त्यांवर धारदार हत्याराचे ओरखडे. खरवडून काढली होती. काळजीने, मानेचा चकाकता काठ न दुखावता. तो हात ती ओळखत होती. त्या हातानेच तिला चिमटा धरायला शिकवलं होतं.

"त्यांना दिसत नाही हो, काका. पाव कापता येत नाही त्यांना."

"पन्नास वर्षं या कामात घालवलेल्या बोटांना डोळे लागत नाहीत. स्क्रू नसला तरी कडी आपल्या ताणावर अडकून बसते. पोटाशी धरून उचललं तर कित्येक दिवस काही होत नाही. साखळीला धरून उचललं की सुटते. आणि घड्याळ पोटाशी धरावं हे तुमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही शिकवलेलं असतं. साखळीला धरतो कोण? ज्याचा जीव घरात नाही तो."

त्या सकाळी ओदीलच्या एका हातात इस्त्रीचा झगा होता. जिनिव्हाला न्यायचा.

तिला आधी लाज वाटली, मग राग आला. राग इतका आला की तिचे कान तापले. "तुम्हाला माहीत होतं," ती गोलेला म्हणाली. "आठ वर्षं माहीत होतं आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात!"

"सांगायला आलो होतो. तुझ्या बापाने दार लावून घेतलं." गोले मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "दुसऱ्यांदा ठोठावायला हवं होतं. नाही ठोठावलं. एकाच गावात राहायचं असतं, तोंडं बघायची असतात... ते माझं चुकलं. शुक्रवारी संध्याकाळी ये. जुन्या आसाला भोक पाडून नवं टोक बसवावं लागेल. हात अजून चालतो."

घरी येऊन तिने बापाच्या बाकाचे खण उघडले. चिमटे, सुया, पुसायची लाकडं, सगळं शिस्तीत. सगळ्यांत खालच्या खणात, कोपऱ्यात, खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी होती. उघडून तिने पांढऱ्या कागदावर उपडी केली. तिळाहून लहान चार स्क्रू पडले. त्यातल्या एकाला लाख चिकटलेली होती, अजून चमकणारी. एक गंजून काळा झाला होता. ओदीलने ते चारही पुन्हा मोजले, मग डबीत घालून डबी एप्रनच्या खिशात टाकली.

शुक्रवारी घड्याळ घ्यायला जाताना ती लुसियाँच्या घरी थांबली. तो परड्यात लाकडं फोडत होता. तिने त्याला सगळं सांगितलं आणि डबी दाखवली. लुसियाँने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे माझ्या हातून नाही पडलं?"

"नाही रे."

"आठ वर्षं, ताई." आतून त्याची बायको जेवायला हाक मारत होती. "मग आता हे कळून मी काय करू? बिएनला जाऊ? तीन पोरं, वखार, घराचं छप्पर अर्धं नवं अर्धं जुनं... आठ वर्षं कळलं नाही तर आताही कळायला नको होतं." असं म्हणाला, आणि मग तिचा खांदा धरला. "तू जा. म्हाताऱ्याचं मी बघतो. रोज दोनदा येईन. पण तू जा. नाहीतर मी तुला उचलून बसमध्ये टाकीन."

"उचलशील? उभ्याने?"

दोघंही हसले, आणि ओदीलला रडूही आलं.

गोलेने घड्याळ तिच्या कानाला लावलं. टिकटिक स्वच्छ होती, दोन्ही ठोके सारखे. स्प्रिंग तिने त्याच्याच बाकावर बसून पुन्हा जुळवली, ते काम गोलेच्या बापालाही जमलं नसतं. नव्या स्क्रूवर गोलेने डबल लाख घातली. सुई हातात घेऊन त्याने विचारलं, "खूण करू ना?"

"करा."

"एप्रिल ५५." त्याने झाकण फुंकून पुसलं. "खाली अजून एका ओळीची जागा आहे," तो म्हणाला, आणि म्हणायला नको होतं असं वाटून सुई फडक्याला पुसायला लागला.

शनिवारी दुपारी लुसियाँने बापाला हाताला धरून आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, ती आणखी दहा दिवस राहायची होती. सामुएल मेलां खुर्चीत बसला, कोट काढायच्याही आधी त्याने हात पुढे केला. ओदीलने घड्याळ त्यात ठेवलं. लुसियाँ निघून गेला, थांबायला त्याला सांगितलं असतं तरी तो थांबला नसता.

बापाने घड्याळ कानाला लावलं. त्याच्या चेहऱ्यावरचे स्नायू क्षणभर सैल पडले, मग गोंधळले. त्याने पुन्हा ऐकलं. मग त्याचं बोट हळूहळू घड्याळाच्या मानेवर गेलं, कडीवर, कडीच्या भोकावर. तिथे लाख होती.

"गोलेकडे गेली होतीस."

"हो."

"सूपचा वास येतोय. बटाट्याचं?"

"बाबा, हात पुढे करा." तिने डबी त्याच्या तळहातावर उपडी केली. म्हाताऱ्याने अंगठ्याने ते कण सारून पाहिले. मोजायला त्याला वेळ लागला नाही.

"काळा आहे तो माझ्या बापाचा," तो म्हणाला. "माझ्या बापाने माझ्यासाठी काढलेला. मी तेरा वर्षं समजत होतो की माझ्याच हातून पडलं. तो वारला तेव्हा डबी सापडली."

"मग राग नाही आला तुम्हाला?"

"आला. थडग्यावर जाऊन शिव्या घातल्या त्याला. पाद्रीबुवांनी ऐकलं." त्याने अंगठ्याने काळा स्क्रू बाजूला सारला. "मग चार वर्षांनी तुझी आई ट्रंक बांधायला लागली. थांब म्हणायला मला जमेना. तोंडातून शब्दच निघेना. आमच्या घरात कुणी कुणाला थांब म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. हे एवढंच येत होतं मला."

ओदीलला वाटलं होतं की तो नाकबूल करेल, आणि मग तिला बोलायला सोपं जाईल. तीन दिवस ती मनात भांडण घोळवून बसली होती. आता समोर पट्टी बांधलेला एक म्हातारा होता, त्याच्या तळहातावर चार स्क्रू होते, आणि त्यातला पहिला त्याच्यावरच चाललेला होता. तिला त्याची दया आली. ती आली तशी तिला धडकीच भरली, कारण अशा दयेनेच माणसं इथे जन्मभर राहतात. घड्याळ पडून जे झालं नव्हतं ते आता होऊ बघत होतं.

"बाबा, मला थांब म्हणा," ती म्हणाली. "एकदा तोंडाने म्हणा. मी ऐकेन आणि नाही म्हणेन. पण म्हणा तरी."

बापाचे ओठ हलले. त्याने स्क्रू चाचपून एकेक करून डबीत घातले, झाकण लावलं. "सूप वाढ," तो म्हणाला.

रविवार असाच गेला. जेवणं, चर्च, खिडकीबाहेर छपरावरून वितळत पडणारं पाणी. दोघांत कामापुरते शब्द. ओदीलने लुसियाँच्या बायकोला औषधांच्या वेळा सांगितल्या, चादरी कुठे आहेत ते दाखवलं, चीज कुठल्या कापडात गुंडाळायचं तेही. रात्री तिला बिछान्यात घड्याळाची टिकटिक भिंतीपलीकडून ऐकू येत होती, आणि ती स्वतःच जुळवलेल्या ठोक्यात कुठे खोट सापडते का ते ऐकत राहिली.

सोमवारी पोस्टाची पिवळी बस सात वाजून दहा मिनिटांनी चौकातून निघायची. सातला पाच कमी असताना ओदील कोट घालून स्वयंपाकघरात आली. एका हातात बॅग, दुसऱ्यात टोपीची पेटी. बाप बाकाशेजारच्या खुर्चीत बसला होता, दाढी केलेला. आंधळेपणी त्याने ती स्वतः केली होती आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

"सात वाजतायत," तो म्हणाला. "चावी दे आणि जा."

तिने सामान खाली ठेवलं. खुंटीवरून घड्याळ काढलं, पोटाशी धरून, शिकवल्याप्रमाणे. बोटं आपोआप किल्लीकडे गेली. मग ती थांबली. तिने ते बापाच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं त्यावर एकेक करून मिटली.

"आजपासून तुम्ही द्यायची."

तिने वाकून त्याच्या गालाचा मुका घेतला, जिथे कापलं नव्हतं तिथे. तिने बॅग उचलली, पेटी उचलली, कोपराने दाराची कडी खाली दाबली आणि बाहेर पाऊल टाकलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ती होती तेव्हा मागून तो आवाज आला. कपबशी आपटल्याइतकाही नाही. दगडी फरशीवर.

ती उभी राहिली. आत सगळं शांत होतं, खुर्चीही करकरली नाही. त्याचा हात थरथरला की त्याने बोटं उघडली, हे वळून पाहिल्याशिवाय कळलं नसतं, आणि वळून पाहिलं तरी कळलं नसतं. काय तुटलं हे तिला माहीत होतं. कोण दुरुस्त करतो, किती दिवस लागतात, झाकणात किती ओळींची जागा आहे, सगळं माहीत होतं. चौकात बसचं इंजिन सुरू झालं.

मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. डाव्यात बॅग होती, उजव्यात टोपीची पेटी. दोन्ही घट्ट धरलेल्या होत्या.

माझ्या हातून नाही पडलं, असं ती मोठ्याने म्हणाली, आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला.